जाऊन या

२४ फेब्रुवारी

हिसाशी,

आजपासून मी तुझ्या दाराशी बोलणार नाही, लिहिणार आहे. काल जिन्यावर बसून मुळ्याचं लोणचं मुरलंय का ते तुला विचारत होते, तेवढ्यात शेजारच्या इवासेबाई गल्लीतल्या सूचनांची पाटी द्यायला आल्या आणि "कुणाशी बोलताय?" म्हणून आत डोकावल्या. मी म्हटलं, मांजराशी. आपल्याकडे मांजर नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. "मांजराला नमस्कार सांगा," म्हणाल्या आणि गेल्या. मला इतकी लाज वाटली की रात्रीचा भात करपला.

तर आता कागद. दाराखाली फट आहे, तिथून सरकवेन. तू उत्तर द्यायलाच हवंस असं नाही. वाचलास की पुन्हा बाहेर सरकवलास तरी मला कळेल.

आज आम्हा फलाटावरच्या दुकानवाल्या बायकांना कंपनीने बोलावलं होतं. नवा साहेब आलाय, मिझोगुची. तुझ्याहून लहान असेल. टाय इतका घट्ट की बोलताना कानाच्या पाळ्या लाल होतात. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं, कमरेत वाकून, गोड बोलून. गिऱ्हाइकाला यापुढे फक्त "धन्यवाद" म्हणायचं. "जाऊन या" म्हणायचं नाही.

"आरिमुरासान, हे खास तुमच्यासाठी," असंही वर म्हणाला.

कुणीतरी तक्रार केली म्हणे. सासाहारा स्टेशनात दोन नंबरच्या फलाटावरची दुकानवाली रोज "जाऊन या" म्हणते, मी कुठे जातो आणि परत येतो की नाही याच्याशी तिचा काय संबंध, अशी. मिझोगुचीचंही मत तेच. "जाऊन येतो" म्हणणारा घरातून निघतो, "जाऊन ये" म्हणणारा घरात राहतो, आणि दुकान म्हणजे काही घर नव्हे. बोलण्यात शहाणा आहे पोरगा. मी मान हलवली. मनातून मात्र भडकले होते. सकाळच्या गर्दीत, मुखपट्टी लावून, शिंकत, डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाला दोन शब्द बोलले तर माझ्या बापाचं काय जातं आणि त्याच्या बापाचं तरी काय जातं?

घरी येताना राग उतरला. ती तक्रार करणाऱ्याचं तोंड डोळ्यांपुढे आणत होते, तर तुझंच येत होतं. तूही म्हणाला होतास ना, खोलीत कोंडून घेतलंस त्या सुरुवातीच्या दिवसांत, दाराआडून. "दिवसभर परक्यांना म्हणतेस तेच मला म्हणू नकोस." त्यानंतर मी तुला कधी म्हटलं नाही. आणि म्हणणार तरी कशी, तू कुठे जातच नाहीस.

मासळी भाजून ठेवली आहे. काटे काढलेत.

आई

१२ मार्च

हिसाशी,

कागद तू परत सरकवला नाहीस. म्हणजे ठेवलास. बरं वाटलं.

तोंड बांधून ठेवायला सोपं नाही रे बाबा. पहिल्या दिवशी मी "धन्यवाद" म्हणायचं ठरवून उभी राहिले आणि "जाऊ... धन्यवाद" असं काहीतरी निघायला लागलं. एक शाळकरी मुलगी हसत सुटली. दुसऱ्या दिवसापासून जमलं. आता कुणी काही दिलं-घेतलं की पैशांचं कार्ड टींग वाजतं, मी धन्यवाद म्हणते, झालं. कार्डही तेवढंच बोलतं.

कुरिबायाशीसाहेब तेवढंच धन्यवाद ऐकून गाडीत चढले आणि दार लागायच्या आत परत उतरले. ते रे, टोपीवाले, तू लहान असताना तुला लिमलेटच्या गोळ्या द्यायचे. अजूनही रोज त्याच गाडीने टोकियोला कामावर जातात, सकाळचा पेपर आणि पत्र्याच्या डबीतली गरम कॉफी घेऊन. काउंटरपाशी येऊन टोपी काढली आणि हळूच विचारलं, आज माझं काही चुकलं का? मी मिझोगुचीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, अस्सं. मागे लोक खोळंबले होते. त्यांची गाडी गेली ती गेलीच.

आता एक कामाचं. महिना संपल्यावर दुकानाला रंग काढणार आहेत. सामान हलवतील, पत्रे ठोकतील. पण माझ्या वेळा त्याच राहतील. सकाळी तशीच जाईन, संध्याकाळी तशीच येईन. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मला माहीत आहे.

मी विचारत नाही, पण घर सांगतं. मी नसताना तू खाली येतोस. न्हाणीतली पायपुसणी ओली असते. मागच्या अंगणातली खुर्ची मी उत्तरेला तोंड करून ठेवते, संध्याकाळी ती उन्हाकडे वळलेली असते. कांद्याच्या पातीला कुणीतरी पाणी घालतं. बाबांच्या फोटोपुढचा पेला कुणीतरी बदलतं. मी स्टेशनात असते तेवढाच वेळ हे घर तुझं असतं, आणि मी आले की तुझी एक खोली उरते. म्हणून मी कधी लवकर येत नाही. मागे एकदा वादळामुळे लवकर सोडलं होतं, तेव्हा रेल्वेच्या फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात बसून राहिले. दुकानवाला म्हणाला, घर इथेच आहे ना तुमचं? मी म्हटलं, छत्री उघडत नाहीये.

सकाळी निघताना मी "जाऊन येते" म्हणते ते तुला ऐकू जातं का? बूट घालायला मला इतका वेळ लागत नाही. मी उगीच रेंगाळते.

आई

३ एप्रिल

हिसाशी,

रंगाचं काम चालू आहे. वास फार येतो. बाकी सगळं ठीक. आज ऊन छान होतं, मान भाजून निघाली.

एप्रिल लागला तशी नवी पोरं आलीत कामावर. कोरे सूट, हातात बॅगा, सगळे एका रांगेत पिवळ्या पट्टीच्या आत उभे, चेहरे बघवत नाहीत. कुणीतरी त्यांना काहीतरी म्हणायला हवं असं वाटत होतं. ती हसणारी शाळकरी मुलगीही भेटली. म्हणजे समोरून गेली. तिने मला ओळखलं नाही.

संध्याकाळचा पेपर दारापाशी ठेवला आहे, नेहमीसारखा. नव्या बटाट्याची भाजी आहे. थोडी गोड झाली आहे.

आई

१५ एप्रिल

हिसाशी,

तुझी चिठ्ठी ताटात मिळाली. किती वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच आहे, पाल चालल्यासारखं. "पेपर दुसरीकडचा." एवढंच. इतक्या वर्षांनी आईशी बोललास आणि तीही तक्रार. पण मी ती चिठ्ठी बाबांच्या फोटोपाशी ठेवली आहे.

हो. पेपर दुसरीकडचा आहे. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानातून विकत आणते. आमच्याकडे मांडणीत उभा खोचायला पेपरला तिसरी घडी घालावी लागायची, ती याला नसते. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पाटीवरचं पुसावं आणि रंगलेल्या फडक्यानेच चुगली करावी, तशी माझी गत.

दुकानाला रंग काढला नाही. दुकानच काढलं. मार्चच्या शेवटच्या दिवशी आम्ही शटर ओढलं आणि चार दिवसांत तिथे पेयांचं यंत्र आलं. बटण दाबलं की ते बाईच्या आवाजात धन्यवाद म्हणतं. कंपनीने मला फुलांचा गुच्छ दिला, वाकून नमस्कार केला आणि आता आराम करा म्हणून सांगितलं. मिझोगुचीच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं सांगते. तो वाईट नाही.

आराम करायचा म्हणजे घरी बसायचं. दिवसभर मी खाली, तू वर. मग तू खाली कधी येणार? खुर्ची उन्हाकडे कोण वळवणार? रात्री मी निजल्यावर चोरासारखा येशील आणि मी जागी राहून तुला ऐकत राहीन, आणि तुला तेही कळेल, मग तू तेवढाही येणार नाहीस. कामावरून काढलं त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, याचंच वाटलं.

म्हणून मी जाते. दुसऱ्या दिवशीही डबा भरला, "जाऊन येते" म्हटलं आणि निघाले. सासाहाराच्या दोन नंबरच्या फलाटावर, टोकाला, छप्पर संपतं तिथे एक बाक आहे. तिथे बसते. म्हणून तर मान भाजली. दुकानात कुठलं आलंय ऊन, मी लिहून बसले आणि मग जीभ चावली.

तुला सांगते हिसाशी, लोक ॲप्रनला ओळखत होते. मला नव्हे. ज्यांना मी इतकी वर्षं जाऊन या म्हटलं ते सगळे रोज माझ्या समोरून जातात. कुणाला खोकला आहे, कुणी सिगारेट सोडली, कुणाची बायको बाळंत झाली, सगळं मला माहीत. निळा ॲप्रन नाही म्हटल्यावर एकाचीही नजर थांबत नाही. ती मुलगी तर माझ्या शेजारी बसून मोबाइल बघत होती. मी नुसती म्हातारी होते बाकावरची. पहिल्या दिवशी मी डबा उघडला. भाताचा गोळा तोंडात तसाच धरून बसले. इतक्या गर्दीत इतकं एकटं वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

कुरिबायाशीसाहेबांनी मात्र ओळखलं. शेवटच्या दिवशी तो गुच्छ मी त्यांच्याच गळ्यात मारायला बघत होते, कारण घरी आणला असता तर तुला कळलं असतं. ते हात मागे घेऊन म्हणाले, "नको, बायको विचारेल, ऑफिसात कुणाचा निरोपसमारंभ होता?" मी म्हटलं, मग सांगा ना कुणाचातरी. तर पडेल चेहऱ्याने हसले. तेव्हा कळलं नाही. शेवटी स्टेशनातल्या एका पोऱ्याने तो गुच्छ बाटलीत घालून हात धुवायच्या बेसिनपाशी ठेवला.

नंतर बाकावर शेजारी येऊन बसले तेव्हा सांगितलं. त्यांचं ऑफिस कधीच बंद झालं आहे. बायकोला माहीत नाही. रोज डबा घेऊन निघतात, शेवटच्या स्टेशनापर्यंत जातात, उलट्या गाडीने येतात, पुन्हा जातात. बॅगेत उशी आहे आणि कोड्यांचं पुस्तक. मी थक्क झाले. म्हणजे मी रोज ज्याला एवढ्या मानाने पाठवत होते तो माणूस जातच नव्हता कुठे.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही जाऊन या म्हणायचात ना, म्हणून जावं लागायचं. नाहीतर मी कधीच याच बाकावर बसलो असतो."

आता आमचं ठरून गेलंय. ते येतात, जरा बसतात, गाडी आली की उठतात आणि माझ्याकडे बघतात. मी म्हणते. हळू म्हणते, आता मला मिझोगुची काही करू शकत नाही तरी हळूच. जेवणाच्या सुमाराला परत आले की "आलात?" म्हणते. मग आपापले डबे खातो. त्यांच्या बायकोच्या हातचं अंडं फार छान असतं. तिला काहीच ठाऊक नाही असं ते म्हणतात. मला नाही तसं वाटत. इतकं छान अंडं रोज कुणी उगीच करत नाही.

तू म्हणशील, दोन खोटारडे भेटले. म्हण.

आमच्या बाकावरून तो खांब दिसतो. तू त्या सकाळी टेकून उभा होतास तो. गाड्या येत होत्या, दारं उघडत होती, लोक तुझ्या दोन्ही बाजूंनी चढत होते आणि तू नुसता उभा. पांढऱ्या हातमोज्यांचा स्टेशनातला माणूस दोनदा बघून गेला. मी गिऱ्हाइकांच्या हातांमधून बघत होते. मग तू बॅग खांबापाशी ठेवलीस आणि जिना चढून घरी गेलास. पुढे तू मला सांगितलं नाहीस तुझ्या ऑफिसात काय झालं होतं आणि मीही विचारायचं सोडून दिलं. आजही विचारत नाही. एवढंच सांगते, तो खांब आता मला रोज दिसतो आणि तो साधा खांब आहे. त्यावर हरवलेल्या छत्र्यांची जाहिरात लावली आहे.

खोटं बोलले म्हणून रागावू नकोस. रागावलास तर चिठ्ठीत लिही.

आई

९ मे, सकाळ

हिसाशी,

हा कागद जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवते आहे. वर येणं होणार नाही. झाडूच्या दांड्याने छताला ठोकेन, घाबरू नकोस. मी पडले-बिडले नाही. गुडघा रात्रीत भोपळ्यासारखा सुजला आहे आणि टेकवत नाही. आज स्टेशनात जाता येणार नाही.

मला कळतं, हे दिवसाचे तास तुझे आहेत आणि मी त्यात आडवी पडले आहे. म्हणून असं करू. मी माझ्या खोलीत जाते, सरकतं दार ओढून घेते आणि भिंतीकडे तोंड करून निजते. डोकं पांघरुणात घेते. आज मी कोंडून घेते, तू ये. भात कुकरमध्ये आहे, मिसोचं सूप फक्त गरम करायचं. अंगणात जायचं तर जा. मी काही ऐकणार नाही, बघणार नाही. शपथ.

एकच चुटपुट लागली आहे. कुरिबायाशीसाहेब बाकावर वाट बघत बसतील. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. असता तरी फोन बायकोने घेतला तर काय सांगू? मी दिसले नाही तर ते गाडीत चढणार नाहीत, घरीही जाऊ शकणार नाहीत, संध्याकाळपर्यंत तिथेच बसतील. त्यात आज वारा आहे. पण जाऊ दे. म्हातारे आहेत, लहान मूल नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी आपलं लिहिलं.

आई

९ मे, दुपार

हिसाशी,

गुडघ्यावर थंड फडकं ठेवून लिहिते आहे. अक्षर वाकडं येईल.

मी शपथ मोडली. बघितलं नाही, पण ऐकलं. दाराला पातळ कागद लावलेला, न ऐकून करणार काय? छताला ठोकल्यावर बराच वेळ काही नाही. मग तुझ्या दाराची कडी. मग जिना. चौथी पायरी अजून कुरकुरते. कागद उचलल्याचा आवाज आला. मी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. वाटलं, आता स्वयंपाकघरात जाशील. गेलास. नळ सुटला. पेला ठेवलास. आणि मग अंगणाकडे न जाता तू बाहेरच्या दाराकडे गेलास.

तिथे तू किती वेळ उभा होतास ते मला सांगता यायचं नाही. मला वाटलं परत वर जाशील. मग बुटांच्या कपाटाचं दार करकरलं. तुझे बूट मी दर वर्षाअखेरीच्या झाडलोटीत पुसून ठेवत होते, लेस नव्या घातल्या होत्या. इवासेबाई एकदा म्हणाल्या होत्या, कुणाचे हो? मी उत्तर दिलं नव्हतं. तू ते घातलेस. टाच टेकून दोनदा ठोकलीस, शाळेत जाताना ठोकायचास तशी.

आणि म्हणालास, "जाऊन येतो."

आवाज घोगरा झालाय तुझा. बाबांसारखा. हाच एक शब्द ऐकायला मी कुठल्याकुठल्या देवळात नवसाच्या चिठ्ठ्या बांधून आले आहे. त्याला एकच उत्तर असतं, तेही मी जन्मभर हजारोंना दिलं, आणि आता ज्याला द्यायचं तो दारात उभा. मी उठून बसले, तोंड उघडलं आणि म्हणाले,

"जाऊन या."

या! पोटच्या पोराला! इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहून जिभेला वळणच ते पडलं. गिऱ्हाइकाला द्यावा तसा तुला मान दिला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तू म्हणाला होतास ना, परक्यांना म्हणतेस ते मला नको. आणि मी नेमकं तेच, त्यांच्याच सुरात. वाटलं, संपलं. आता बूट काढशील, जिना चढशील आणि पुन्हा कधी उतरणार नाहीस.

मग तुझं नाक वाजलं. लहानपणी हसू दाबताना वाजायचं तसं.

"'या' काय, आई," तू म्हणालास. "ये."

मी म्हटलं. "जाऊन ये." ते तुला ऐकू गेलं की नाही देव जाणे, कारण मी रडत होते आणि दार लागलं होतं.

तेव्हापासून मी घरात एकटी आहे. आता कळलं हे घर किती मोठं आहे. रांगत जाऊन तुझ्या जिन्याखाली बसले. वर तुझं दार उघडंच आहे, इथून खिडकीचा उजेड दिसतो. मी वर गेले नाही. गुडघा बरा असता तरी गेले नसते.

फाटकाची घंटा वाजते, गाडी जाते. वारा इकडचा असला की स्टेशनातली सूचनाही ऐकू येते, पिवळ्या पट्टीच्या आत उभे राहा म्हणून. रोज मी तिथे असते आणि तू इथे हे ऐकत असशील. मला कधी सुचलं नव्हतं. तू फलाटावर पोहोचलास का? खांबापाशी उभा आहेस का? मेच्या सुरुवातीची सुट्टी संपून हा पहिलाच आठवडा, गर्दी मरणाची असेल. साहेबांना तू ओळखशील, टोपीवरून. पण त्यांना काय म्हणशील? कोण म्हणून सांगशील? मला सांगून तरी जायचंस, टोकाचा बाक, छप्पर संपतं तिथे. पण ते मी लिहिलं होतं ना. लिहिलं होतं. तू सगळं वाचलंस.

तू गेल्यावर बघितली तेव्हा अंगणातली खुर्ची सावलीत होती, आता पुरी उन्हात आली आहे. स्टेशन काही इतकं लांब नाही. मी घाबरले आहे हिसाशी. लपवत नाही. पण "जाऊन येतो" म्हणालास. ज्याला यायचं नसतं तो नुसता जातो. मी हेच धरून बसले आहे.

हा कागद दाराखालून सरकवणार नाही. जेवणाच्या टेबलावर ठेवते, सॉसच्या बाटलीखाली. दोन वाट्या मांडल्या आहेत. आलास की आधी हात धू. मी फार काही विचारणार नाही. नुसतं "आलास?" म्हणेन. मघापासून घोकते आहे, पुन्हा जीभ घसरायला नको. आलात नव्हे. आलास. आलास. आलास.

फाटकाची घंटा थांबली. गल्लीत पावलं वाजताहेत.

अरे देवा. दोघांची आहेत. एकाचे बूट फरपटत येताहेत, ते साहेबांचेच. पोचवायला आले की काय, की तूच जेवायला घेऊन आलास? इतकं घोकलं आणि आता दारात दोघं उभे राहणार, एकाला आलास आणि एकाला आलात, आणि मी अशी जमिनीवर, केस विस्कटलेले.

असू दे. आधी "आलास" म्हणेन. साहेबांनी जरा थांबावं.